वीस नखं, उभे कान आणि ‘ओरिजनल’ पिल्लू

खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेणारा माणूस बघा. तोंड उघडून दात मोजतो, खूर चाचपतो, खोंड चालवून बघतो, आणि कुठल्या वळूचा हे कळल्याशिवाय इसार देत नाही. तोच माणूस नातवाच्या हट्टापायी कुत्र्याचं पिल्लू घेतो तेव्हा मोबाइलवर आलेले दोन फोटो बघतो आणि पंधरा हजार ऑनलाइन टाकून मोकळा होतो. सहा महिन्यांनी त्या ‘लॅब’चं तोंड लांबुळकं होतं, शेपटी वर वळते आणि शेजारी विचारतो, “काय हो, क्रॉस हाय काय?”

सातारा-सांगलीकडे हे आता नवं राहिलेलं नाही. फसवणूक होते ती होतेच. पण ती ओळखायच्या आपल्या खुणाही बऱ्याचदा चुकीच्या असतात. त्यामुळे खरं पिल्लू भेसळीचं ठरतं आणि भेसळीचं पिल्लू ‘ओरिजनल’ म्हणून घरात येतं.

“वीस नखी हाय, म्हंजे अस्सलच”

सर्वसाधारण कुत्र्याला अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, त्यात आतल्या अंगाला थोडं वर असलेलं एक, आणि मागच्या पायांना चार-चार. काहींना मागेही ते जास्तीचं नख येतं आणि बेरीज वीस होते. हा एका जनुकातल्या बदलाचा परिणाम आहे. तो काही परदेशी जातींत नेहमी दिसतो, तसा आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांतही दिसतो. जातीवंतपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मागचं ते नख बऱ्याचदा हाडाला नीट जोडलेलंही नसतं, नुसतं कातड्याला लोंबतं. वेळच्या वेळी कापलं नाही तर वळून मांसात रुततं. विकणारा मात्र पिल्लू उलटं धरून तेच नख आधी दाखवतो.

“कान पडलेत, म्हंजे जर्मन शेफर्ड न्हाई”

दोन महिन्यांच्या जर्मन शेफर्डचे कान बहुधा पडलेलेच असतात. दुधाचे दात पडून पक्के येतात त्या काळात, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास, ते हळूहळू उभे राहतात. मधे एक उभा आणि एक आडवा अशीही अवस्था येते. तेवढ्यावरून ब्रीडरशी भांडू नये.

रंगाचंही तसंच आहे. आई-बाप दोघे काळे लॅब्रॅडॉर आणि पिल्लू पिवळं, म्हणून भेसळीचा बोभाटा होतो. पण पिवळ्या रंगाचं जनुक दोन्ही काळ्या पालकांत दडलेलं असू शकतं, आणि दोघांकडून ते आलं की साधारण चारातलं एक पिल्लू पिवळं होतं. लांब केसांचंही असंच असतं. आखूड केसांच्या आई-बापांना लांब केसांचं पिल्लू होऊ शकतं, आणि तेही त्यांचंच असतं.

“जाणत्याला बघितलं की कळतंय”

याच समजावर सगळा धंदा चालतो. महिन्याभराचं पिल्लू म्हणजे गोल डोकं, आखूड तोंड, जाड पाय आणि फुगलेलं पोट. त्या वयात लॅब्रॅडॉरची लॅब्रॅडॉर-गावठी क्रॉसपासून खात्रीने निवड करणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणूनच पिल्लं तीस-पस्तीस दिवसांतच खपवायची घाई असते. आणखी तीन आठवडे थांबलं तर तोंड लांबतं, बांधा दिसायला लागतो आणि गिऱ्हाईक प्रश्न विचारायला लागतं.

मोठेपणीही नजरेचा भरवसा मर्यादितच. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचे संकर अनेक वर्षं केले. त्यांचं पुस्तक 1965 साली आलं. त्यातली संकराची पिल्लं बघून त्यांचे आजी-आजोबा कोण हे सांगता येणं अवघड होतं. दुसऱ्या पिढीत एकाच वेतातली भावंडं एकमेकांसारखी दिसेनात. पुढे 2009 साली आणखी एक अभ्यास झाला. प्राणी दत्तक देणाऱ्या संस्थांनी नजरेने सांगितलेली जात आणि डीएनए चाचणीत निघालेली जात ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत दोन्हींचा मेळ बसला नाही. रोज कुत्र्यांतच वावरणाऱ्यांची ही गत. चौकातल्या जाणकाराचं काय सांगावं!

“एकदा गावठी लागली की कुत्री बाद”

हा समज फार जुना आहे आणि त्यात चांगल्या कुत्र्यांचा हकनाक बळी जातो. जातीवंत कुत्री माजावर असताना सुटली, गावठी कुत्र्याशी संबंध आला, की तिची पुढची सगळी वेतं बिघडली असं मानतात. मग ती कवडीमोलाने विकली जाते, नाहीतर सोडून दिली जाते.

आपणच अडाणी होतो असं समजायचं कारण नाही. 1820 साली लॉर्ड मॉर्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की त्यांच्या घोडीला आधी झेब्र्याच्या जातीचा क्वागा लावला होता आणि पुढे अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांवरही पट्टे दिसले. पहिल्या नराची छाप पुढच्या संततीवर राहते, हा निष्कर्ष खुद्द डार्विनलाही पटला होता. शेवटी एडिंबरोजवळच्या पेनिक्विक इथे जेम्स कोसार एवर्ट यांनी 1890 च्या दशकात झेब्रा आणि घोड्यांवर मुद्दाम प्रयोग केले. छाप वगैरे काही आढळलं नाही. पट्टे तसेही कधीमधी घोड्यांत दिसतातच. पिल्लाचा बाप त्या वेळचाच नर असतो. आधीच्या नराचं बीज पुढच्या माजापर्यंत टिकत नाही.

मात्र एक गोष्ट खरी आहे, आणि ती विकणारा सांगत नाही. एकाच माजात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. कुत्री काही दिवस नर घेते आणि तिची बीजं एकदम नव्हे, पाठोपाठ पक्व होतात. स्टडला, म्हणजे जातीवंत नराकडे, नेऊन आणलेली कुत्री दोन दिवसांनी रात्री कुंपणावरून गेली, तर आठांतली पाच पिल्लं स्टडची आणि तीन गल्लीतली असं घडू शकतं. “आई बघितली, बापाचा व्हिडिओ बघितला” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची फसगत बऱ्याचदा इथे होते. कधीकधी तर ब्रीडरलाही पत्ता नसतो.

“मुधोळचं हाय, कंबर बघा की”

आता आपल्या भागातल्या खास मालाकडे वळू. जतहून अथणी-जमखंडीमार्गे मुधोळ काही फार लांब नाही. मुधोळचं संस्थान घोरपड्यांचं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, ही हकीकत त्या भागात अजून कौतुकाने सांगतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्कराने ही कुत्री मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये नाव आलं आणि मागणी वाढली. तेव्हापासून लांब तोंडाचं, आत गेलेल्या पोटाचं कुठलंही पिल्लू ‘मुधोळ’ म्हणून विकता येतं.

यात मोठी भेसळ गावठीची नाही, ग्रेहाउंडची आहे. शर्यतीत वेग लागतो म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घातलं जातं आणि त्या क्रॉसची पिल्लं मुधोळ म्हणून खपतात. मोठं झालेलं कुत्रं पुढ्यात असेल तर कान बघावेत. मुधोळचे कान डोक्यालगत लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात. क्रॉसमध्ये दोन्हींच्या मधलं काहीही निघतं, त्यामुळे यावर निकाल देता येत नाही. माण, आटपाडी, जतच्या माळावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पाळली, त्यांच्याकडे बहुतेकदा कागद नसतो. पण कुठली कुत्री कुणाच्या कुत्र्याला दाखवली हे घरात सगळ्यांना पाठ असतं. मला विचाराल तर नव्या ‘केनेल’च्या रंगीत फ्लेक्सपेक्षा ती माहिती जास्त भरवशाची.

नावाचाही घोळ आहे. कुणी मुधोळ म्हणतं, कुणी कारवानी, केसाळ असेल तर पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडिया ही जात ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने नोंदवतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. तेव्हा मुधोळ म्हणून घेतलेल्या पिल्लाच्या कागदावर कॅरव्हान लिहिलेलं दिसलं, एवढ्यावरून फसलो असं समजू नये. आणि “सरकारमान्य जात आहे” या वाक्यालाही भुलू नये. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळची देशी जात म्हणून नोंद केली आहे, हे बरोबर. पण ती नोंद जातीची आहे, तुमच्या हातातल्या पिल्लाची नव्हे. जातिवंत वंशावळीचं पिल्लू हवंच असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथे चौकशी करावी.

“पेपर हाय ना, मग झालं”

केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था, 1896 पासूनची. तिच्या प्रमाणपत्रावर पिल्लाचं नाव, नोंदणी क्रमांक, आई-बाप, त्यांचे आई-बाप आणि मायक्रोचिपचा क्रमांक असतो. कागद मोलाचा आहे, पण त्याचं मोल काय हे समजून घ्यावं. आई-बापांची नावं ब्रीडरने कळवलेली असतात. ब्रीडर सचोटीचा असेल तर कागद खरा, नाहीतर तो नुसता छापलेला.

नेहमीच्या युक्त्या दोन. एक, “पेपर मागून येतील.” ते येत नाहीत. दुसरी, पेपर असतो, पण दुसऱ्याच पिल्लाचा. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाच्या खांद्यांच्या मधे कातडीखाली तांदळाएवढी चिप असते. स्कॅनर असलेल्या कोणत्याही पशुवैद्याकडे ती वाचता येते. पंधरा आकडी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून बघायचा. पैसे देण्याआधी ताडायचा, पेढे वाटल्यावर नाही. कागदावरची मालकी आपल्या नावावर करून घ्यायची, हेही बरेच जण विसरतात. चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. “चिप लावलेलं आहे म्हणजे प्युअर” हे वाक्य निरर्थक आहे, चिप गावठी पिल्लालाही लावता येते.

पशुवैद्याचा दाखलाही असाच समजून घ्यावा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर असो वा तालुक्याच्या दवाखान्यातला, तो वय, आरोग्य, लसी आणि व्यंग यांबद्दल खात्रीने बोलू शकतो. लस-पुस्तिकेवर ‘लॅब्रॅडॉर’ लिहिलेलं असतं ते मालकाने सांगितलं म्हणून.

“डीएनए करू, दूध का दूध”

डीएनए चाचणी गालाच्या आतून बोळा फिरवून होते. पिल्लू नुकतंच आईला पिऊन आलेलं नसावं, नाहीतर नमुन्यात आईच्या पेशी मिसळतात. कंपनी तो नमुना आपल्याकडच्या जातींच्या साठ्याशी ताडते. त्या साठ्यात लॅब्रॅडॉर, शेफर्ड असतातच. मुधोळ-कारवानी नसेल, तर अस्सल मुधोळही दक्षिण आशियाई गावठी किंवा भलत्याच दोन-तीन जातींचं मिश्रण म्हणून निघू शकतो. परदेशी जातीसाठी ही चाचणी कामाची. देशी हाउंडसाठी त्यापेक्षा पिल्लू आणि त्याचे सांगितलेले आई-बाप यांचा नमुना एकमेकांशी ताडणं जास्त पक्कं. बाप तोच की नाही, एवढं त्यात स्वच्छ कळतं.

“जनावराची कसली आलीय गॅरंटी”

हे वाक्य विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, कायद्याचं नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात जनावरं जंगम मालमत्तेत येतात. त्याच्या कलम 15 प्रमाणे वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे. ‘प्युअर लॅब्रॅडॉर’ हे वर्णनच आहे. धंदा म्हणून पिल्लं विकणाऱ्याविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. विकणारा पुण्याचा असो की बंगळुरूचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, सातारा किंवा सांगलीत, दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

शिवाय 2017 चे श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. पिल्लांचा धंदा करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा नियम पिल्लाच्या तब्येतीसाठी आहे, पण गिऱ्हाइकालाही त्याचा फायदा होतो, कारण आठ आठवड्यांत पिल्लाचा बांधा जरा तरी बोलू लागतो. वय बघायला दात मोजावेत. आठ आठवड्यांच्या सुमाराला दुधाचे 28 दात पुरे होतात. पुढचे नुसते सुईसारखे टोकदार आणि मागच्या हिरड्या अजून मोकळ्या असतील तर पिल्लू लहान आहे, विकणारा काहीही म्हणो.

पुरावा मात्र आपल्यालाच राखावा लागतो. चॅट पुसू नये, पैसे रोख देऊ नयेत, आणि पावतीवर जात, जन्मतारीख, चिप क्रमांक आणि “जात वेगळी निघाल्यास पैसे परत” हे लिहून मागावं. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

“क्रॉस निघालं, मग सोडून द्या”

दरवर्षी महामार्गावरच्या धाब्यांपाशी गळ्यात पट्टा असलेली सात-आठ महिन्यांची कुत्री फिरताना दिसतात, त्यातली काही या हिशेबातली असतात. पाळलेलं जनावर उपाशी पडेल अशा अवस्थेत सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रारीसाठी पिल्लू परत करावंच लागतं असंही नाही. पिल्लू ठेवून जास्तीच्या पैशांची भरपाई मागता येते. फसवलं ते विकणाऱ्याने. आणि आयोगापुढे चिप वाचायला, डीएनए द्यायला ते पिल्लूच लागणार आहे.