कुत्रा आपला, वाट सगळ्यांची



मध्यंतरी आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि सगळा वेळ कुत्र्यांवरून वाद झाला. पाखाडीवरून शाळेत जाणाऱ्या एका मुलीच्या पोटरीला वाडीतल्याच पाळीव कुत्र्याने दात लावले होते. एकीचं म्हणणं, ‘वाडीत कुत्री पाळायचीच नाहीत.’ दुसरी म्हणाली, ‘मग रात्री डुकरं कोण हाकलणार?’ बोलणं विष घालण्यापर्यंत गेलं, तेव्हा आम्ही थांबलो. म्हटलं, भांडण पुरे, नियम लिहू.

आधी एक गोष्ट कळून घेतली. ‘पाळायचंच नाही’ असा नियम चालत नाही. देवरुख, संगमेश्वरात आता फ्लॅटच्या सोसायट्या आहेत. अशा सोसायट्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवलं आहे की, बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. आणि विष घालणं तर गुन्हाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नियम करायचा तो कुत्र्याने असावं की नसावं याचा नव्हे, तर पाळणाऱ्याने कसं वागावं याचा.

आम्ही लिहिलेले नियम असे :

१. प्रत्येक पाळीव कुत्र्याची वहीत नोंद. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा, पुढे दरवर्षी. दाखला घरात जपून ठेवायचा.

२. शाळा भरताना आणि सुटताना कुत्रा बांधलेला हवा. शिमग्यात पालखी वाडीत येते त्या दिवशीही. मुंबईहून कुत्रं घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांनाही हाच नियम.

३. पाखाडीवर, विहिरीजवळ घाण केली तर ती मालकाने उचलायची.

४. मासळीची घाण, कोंबडीची पिसं गडग्यापलीकडे भिरकावायची नाहीत, पुरायची. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे आपल्या तालुक्यात नवं नाही. म्हणून रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवायचा नाही, दाराआड घ्यायचा.

५. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर ठरलेल्या जागी. दार, जिना, मुलांची खेळायची जागा सोडून. २०२३ च्या केंद्राच्या नियमांतही हेच आहे.

६. कुत्रा चावला तर मालकाने लपवायचं नाही. लस झाली आहे की नाही हे लगेच सांगायचं आणि दवाखान्यात नेण्या-आणण्याचा खर्च करायचा.

हा सहावा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं आणि लशीच्या सगळ्या मात्रा पुऱ्या करायच्या. नुसता ओरखडा असला तरी जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

नियम करताना कुत्री पाळणाऱ्या घरांना आवर्जून बोलवा. त्यांच्यामागे ठरवलेलं टिकत नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण मात्र आपल्या गटाच्या हातातलं काम नाही. २०२३ च्या नियमांनुसार ती स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे हा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि ती मुलगी? तिच्या लशीच्या सगळ्या मात्रा झाल्या. शेवटच्या मात्रेला तिला केंद्रावर घेऊन गेली ती कुत्र्याची मालकीणच. वहीत पहिली नोंदही तिनेच केली.