जॉर्जियाचा सहावा मतदारसंघ: क्रमांक तोच, जागा वेगळी

समजा, अमेरिकेतल्या उपनगरांचं राजकारण कसं बदललं यावर तुम्हाला काम करायचंय. जॉर्जिया राज्यातला सहावा मतदारसंघ लगेच डोळ्यांत भरतो. १९७८ मध्ये इथून प्रतिनिधीगृहावर रिपब्लिकन न्यूट गिंग्रिच निवडून आले, २०१८ मध्ये डेमोक्रॅट ल्यूसी मॅकबाथ. चाळीस वर्षांचा मस्त आलेख! पण त्याच्या दोन टोकांना जागा एकच आहे का?

नाही. गिंग्रिच यांचा मूळ मतदारसंघ अटलांटाच्या दक्षिणेला होता, विमानतळाजवळच्या वस्त्यांपासून ग्रामीण भागापर्यंत. १९९० मध्ये ते जेमतेम ९७४ मतांनी वाचले. पुढच्याच वर्षी, जनगणनेनंतर, डेमोक्रॅट बहुमताच्या विधिमंडळाने नकाशा नव्याने आखला आणि त्यांचा भाग फोडून वाटून टाकला. 'सहावा' हा क्रमांक गेला अटलांटाच्या उत्तरेकडच्या सधन, बहुसंख्य गोऱ्या उपनगरांकडे. गिंग्रिच यांनी बिऱ्हाड तिकडे हलवलं, १९९२ ची पक्षांतर्गत निवडणूक ९८० मतांनी काढली आणि १९९५ मध्ये थेट सभापती झाले. त्यांना संपवायला काढलेल्या रेषांनी त्यांना हक्काची जागा मिळवून दिली.

म्हणजे १९९२ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडणं हे प्रयोगाच्या मध्येच नमुना बदलण्यासारखं आहे.

तुलना खरी जमते ती २०१२ ते २०२० या काळात, कारण तेव्हा रेषा हलल्या नाहीत. २०१२ ला इथे रॉम्नी सुमारे २३ टक्क्यांनी पुढे, २०१६ ला ट्रम्प फक्त दीड टक्क्याने. गंमत म्हणजे त्याच दिवशी रिपब्लिकन खासदार टॉम प्राइस सुमारे २३ टक्क्यांनीच जिंकले. थोडक्यात, बऱ्याच लोकांनी एकाच मतपत्रिकेवर वेगवेगळे पक्ष निवडले. प्राइस मंत्री झाल्यावर २०१७ ची पोटनिवडणूक झाली, खर्च पाच कोटी डॉलरच्या वर, प्रतिनिधीगृहाच्या तोवरच्या इतिहासात सर्वांत महाग. कॅरेन हँडल यांनी जॉन ऑसॉफ यांना हरवलं. पुढच्या वर्षी मॅकबाथ यांनी हँडलना जेमतेम एका टक्क्याने पाडलं. जुन्या मतदारांचं मत बदललं की मतदारच नवे आले? माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न हा आहे, आणि नुसत्या विजयाच्या फरकावरून तो सुटत नाही.

पुढे पुन्हा तोच खेळ. २०२१ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने सहावा आणखी उत्तरेला ताणला. मॅकबाथ शेजारच्या सातव्यातून जिंकल्या. २०२३ मध्ये फेडरल न्यायालयाने ठरवलं की हा नकाशा कृष्णवर्णीयांच्या मतांचं वजन कमी करतो आणि मतदान हक्क कायद्याचा भंग करतो. नव्या नकाशात सहावा अटलांटाच्या पश्चिमेला गेला आणि २०२४ ला मॅकबाथ पुन्हा 'सहाव्या'च्या खासदार झाल्या.

म्हणून विदा गोळा करताना मतदान केंद्राच्या पातळीवरचे निकाल घ्या, ते एकाच ठरावीक हद्दीत जुळवा, आणि तक्त्यात 'कोणता नकाशा' असा वेगळा रकाना ठेवा. त्यात फक्त जनगणनेचं वर्ष लिहून भागणार नाही; जॉर्जियाने २००५ मध्येही दशकाच्या मध्येच नकाशा बदलला होता.