ऑयलरची दहा अंकी मूळ संख्या

2,14,74,83,647 ही संख्या म्हणजे 2चा 31वा घात वजा 1. या साच्यातील मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांचे नाव आहे. घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असे नाही: 2चा 11वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि ती 23 गुणिले 89 निघते.

ही संख्या मूळ असल्याचे लिओनार्ड ऑयलर यांनी 1772 साली कळवले. सरळ मार्गाने जायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 46,340पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. त्या सुमारे 4,800 भरतात. ऑयलर यांनी दाखवले, की तिला मूळ विभाजक असलाच तर 248ने भागल्यावर त्याची बाकी 1 किंवा 63 उरलीच पाहिजे. एवढ्या एका अटीने भागाकार शंभराच्या आत आले. कागदावर हिशेब करणाऱ्याला ही केवढी सवलत! पुढची ऐंशीहून अधिक वर्षे यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणी सिद्ध केली नाही.

तिला 2च्या 30व्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी. 1811 साली पीटर बार्लो यांनी लिहिले, की अशा संख्या निरुपयोगी असल्याने याहून मोठी कोणी शोधणार नाही. तो अंदाज साफ चुकला.

32 बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) संगणकी पूर्णांकाची कमाल मर्यादा नेमकी हीच. 1970च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळे 19 जानेवारी 2038 रोजी या आकड्यावर पोचतील, आणि पुढच्या सेकंदाला ऋण संख्येत घसरतील.