वारस नोंदीच्या आधी लेकराला सांगा

बारामती-इंदापूरकडे दत्तक म्हटलं की आधी भावकीच आठवते. थोरल्याला मूल नाही, धाकट्याला तिसरा मुलगा झालेला. घरच्यांनी बसून ठरवलं आणि पोर थोरलीच्या ओटीत घातलं. कागद करायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. शाळेत बाप म्हणून थोरल्याचं नाव लागतं. पोराला परकं वाटू नये, त्याचा जीव दोन घरांत ओढला जाऊ नये, म्हणून दोन्ही घरं गप्प राहतात. मायेपोटीच राहतात.

पण भावकीला, शेजाऱ्यांना, मळ्यातल्या गड्यालाही सगळं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते त्या पोरालाच. मग बांधावरच्या भांडणात कुणीतरी बोलून जातं, किंवा सोयरीक जमवताना पाहुणे चौकशी करतात. पुष्कळदा मात्र गुपित फुटतं ते थोरला गेल्यावर. नीरा डाव्या कालव्याखालची बागायत असते, साखर कारखान्याचा शेअर असतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. जन्माच्या दाखल्यावर एका बापाचं नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्याचं. भाऊबंद हरकत घेतात, सुनावणीच्या तारखा पडतात. बाप गेल्याचं दुःख ओलं असताना त्या तरुणाला आपला जन्म सरकारी कागदावर वाचावा लागतो. आपण दत्तक आहोत याहून, सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं, हे त्याला जास्त लागतं. घरातल्या प्रत्येक जुन्या बोलण्याचा अर्थ तो पुन्हा लावत बसतो.

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मूल प्रत्यक्ष देणं-घेणं महत्त्वाचं आहे. लेख नोंदवण्याची सक्ती नाही. पण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचा नोंदणीकृत लेख असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालय ते दत्तक कायदेशीर धरतं. लेख नसेल तर सगळं शाबीत करण्याचं ओझं त्या मुलावर येतं. याच कायद्यानुसार जन्मघरातली जी नाती लग्नाला वर्ज्य, ती दत्तक गेल्यावरही वर्ज्यच राहतात. म्हणजे जन्मघर कोणतं, हे त्याला कळायलाच हवं. दवाखान्यातही तेच. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला साखर, हृदयविकार? तो वाढलेल्या घराचं उत्तर देतो आणि ते चुकीचं ठरू शकतं.

संस्थेतून आलेल्या मुलाचा हा जाणून घेण्याचा हक्क 2022 च्या दत्तक नियमांनी मान्य केला आहे. 18 वर्षं पूर्ण झाल्यावर ते आपल्या मुळाच्या शोधासाठी स्वतः अर्ज करू शकतं. भावकीतल्या पोराचं मूळ तर दोन दारं पलीकडे असतं. तिथे पोचायला त्याला अर्ज का लागावा?

पुण्यात ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1874 मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्याचा जन्म त्यांनी झाकला नाही. त्याची किंमत मोजावी लागली: यशवंतचं लग्न जमणं अवघड झालं, 1890 मध्ये ज्योतीराव गेले तेव्हा अंत्यविधीच्या त्याच्या हक्कावरून नातेवाइकांनी वाद घातला आणि टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. बाहेरचे भांडले, पण आपल्या घराने आपल्याला फसवलं असं यशवंतला कधी म्हणावं लागलं नाही. पुढे तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली.

तीन-चार वर्षांच्या पोराला लांबण लावावी लागत नाही. ‘तू काकीच्या पोटी आलास, मग माझ्या ओटीत आलास,’ एवढं पुरतं. बाकीचं ते वाढेल तसं विचारतं. आणि त्या काकीचाही विचार व्हावा. आपलंच लेकरू रोज अंगणात बघून ती पुतण्यासारखं वागवते, आणि तिचं मन कुणी विचारत नाही.

पोर विशीत पोचलं असेल तरी वेळ गेलेली नाही. सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधी दोन्ही जोडप्यांनी एकत्र बसून सांगावं. मागे झालेल्या दत्तकाचा लेख आता कसा करायचा, हे वकिलाला विचारावं आणि त्या भेटीला पोरालाही सोबत न्यावं. त्याने नंतर काहीही विचारलं तरी दोन्ही घरांतून त्याला एकच उत्तर मिळायला हवं.