चेष्टेचे मूळ कुठे आहे?



मागील सत्रात एका विद्यार्थ्याचे वडील शाळेचा दाखला मागायला आले. चौकशी केली तेव्हा कळले की, मुलाचा आवाज व चालणे नाजूक म्हणून वर्गात त्याला 'बायल्या' म्हणत. त्याने आमच्याकडे तक्रारही केली होती. 'जरा मुलासारखा राहा' एवढे सांगून आम्ही त्याला परत पाठवले होते. ही चूक आमची होती. मुलगा आज याच शाळेत शिकतो आहे. पण ही चेष्टा येते कुठून, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. नाजूक चालणारा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो आणि समलिंगी व्यक्ती चालण्यावरून ओळखूही येत नाही. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी आकर्षण वाटते, तेव्हा त्या व्यक्तीला समलिंगी म्हणतात. तृतीयपंथी असणे ही वेगळी बाब आहे. चेष्टा करणारा मात्र सर्वांना एकाच मापाने मोजतो.

याचे पहिले मूळ घरात आहे. 'मुलींसारखा काय रडतोस?' हे मुलगा लहानपणापासून ऐकतो. आपल्यालाही कोणी तसे म्हणेल, या भीतीने तो दुसऱ्याला आधी हसतो. शिवाय 'बाई'वरून शिवी तयार होते, तिथे बाईलाही कमी लेखलेलेच असते.

दुसरे मूळ कायद्यात होते. 'हे आपल्या संस्कृतीत नाही' असे आपण म्हणतो. पण अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून आले. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९१९ साली तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवणारा कायदा झाला. स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास वॉरंटाशिवाय अटक करता येई. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो कायदा २०२३ साली घटनाबाह्य ठरवला. त्याआधी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रौढांचे परस्परसंमतीचे खाजगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला होता. कायदे गेले, पण त्यांनी बसवलेला कलंक मनातून जायला वेळ लागतो.

तिसरे मूळ म्हणजे मौन. महर्षी कर्वे यांचे पुत्र र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. समलिंगी संबंधांसारख्या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी त्यात शास्त्रीय उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणाराच नव्हे, तर उत्तर देणाराही दोषी ठरला! मग लोक गप्प बसले आणि रिकाम्या जागेत अफवा वाढल्या.

'हा रोग आहे' ही त्यातलीच एक अफवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. ती 'बरी' करण्याचा उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळवले.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की, माणसे बरोबरीच्या नात्याने एकत्र काम करतात तेव्हा पूर्वग्रह कमी होतो. इथे अडचण अशी की, भीतीमुळे समलिंगी व्यक्ती स्वतःला लपवते. ती लपते म्हणून आपल्याला वाटते, 'आपल्या गावात असे कोणी नाही.' आणि ओळखच होत नाही, म्हणून भीतीही जात नाही. हे चक्र तोडण्याची सुरुवात लपलेल्याने करायची नाही, आपण करायची.

यापुढे शाळेत असा शब्द ऐकू आला, तर शिक्षक तो तिथेच थांबवतील. तक्रार करणाऱ्याला 'तू बदल' असे कोणी सांगणार नाही, आम्हीही नाही. पालकांना एवढीच विनंती की, मुलाने घरी काही सांगितले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. दाखला मागण्याची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये.