पहूरच्या विहिरीसाठी एक सेन्सर

जळगावहून निघालेला रस्ता पहूर ओलांडून फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड करत छत्रपती संभाजीनगरला पोचतो. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. महेंद्र शिरसाट यांचा गट पाण्यातलं शिसं ओळखणारे सेन्सर घडवतो. शिशाला रंग नाही, वास नाही. मोजल्याशिवाय कुठल्याही विहिरीबद्दल बोलता येत नाही.

या गटाने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या कामात वापरलेला पदार्थ निळ्या स्फटिकांचा आहे. तांब्याचे आयन हे त्यातले सांधे आणि ट्रायमेसिक आम्लाचे रेणू हे दांडे. अशा जोडणीला धातू-सेंद्रिय चौकट किंवा एमओएफ म्हणतात. ही तांब्याची चौकट 1999 मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात पहिल्यांदा तयार झाली. आत सगळीकडे पोकळ्या. चांगल्या नमुन्यात एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग दीड हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा गुंठे भरतो. एवढ्या जागेत शिशाचे आयन येऊन बसतात. पण चौकटीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून संशोधकांनी तिच्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले. मग इलेक्ट्रोडवरचा विद्युतदाब पायरीपायरीने बदलत नेला की शिशाची खूण प्रवाहाच्या आलेखात उमटते. लिटरमागे एक नॅनोमोल, म्हणजे सुमारे 0.2 मायक्रोग्रॅम शिसंही त्यांना ओळखता आलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा 10 मायक्रोग्रॅम आहे. सेन्सरचा आकडा तिच्या पन्नासाव्या भागाइतका.

अशा चौकटींचा पाया घालणारे रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिशाच्या सेन्सरचा आकडा आशादायक आहे, पण मला खरी कसोटी पुढे दिसते. प्रयोगशाळेतलं द्रावण आपण हवं तसं बनवतो. बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, शेतातून उतरलेलं नायट्रेट असतं. या गर्दीतून शिसंच निवडता आलं पाहिजे. त्यात तांब्याची ही चौकट पाण्यात फार काळ तग धरत नाही. झिर्कोनियमच्या चौकटी जास्त टिकाऊ असतात. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. सुजित घोष यांच्या गटाने 2013 मध्ये कॅडमियमची चमकणारी चौकट वापरून पिक्रिक आम्ल हे स्फोटक ओळखलं होतं. पुढे पाण्यातल्या चाचणीसाठी ते झिर्कोनियमकडे वळले.

कपाशीवरच्या फवारणीचा प्रश्न वेगळा. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं मज्जातंतूंतलं अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात, म्हणून बायोसेन्सरमध्ये तेच विकर बसवतात: त्याचं काम मंदावलं की विष आहे. मात्र खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात असं नाजूक प्रथिन टिकवायचं कसं? 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रथिनांभोवतीच जस्ताची चौकट वाढवली. त्या कवचातलं एक विकर उकळत्या पाण्यानंतरही काम करत राहिलं. आपल्याकडच्या सेन्सरसाठी मला हीच वाट सर्वांत आशेची वाटते.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. त्यांच्या नेहमीच्या किटमध्ये क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट यांच्या चाचण्या असतात. शिसं आणि कीटकनाशकं त्यात बसत नाहीत. त्यांच्या हातात एकदाच वापरायची पट्टी द्यायची असेल, तर चौकट पाण्यात काही मिनिटं टिकली तरी भागेल. त्याआधी पहूर परिसरातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात एकदा आणि फवारणीच्या हंगामात एकदा घेऊन, तोच नमुना सेन्सरवर आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर शेजारीशेजारी तपासायला हवा.