त्रिधारा नाडी : दुखणे दाढेचे की नाडीचे?

गालाला वारा लागला, घास चावला, दात घासले की विजेसारखी कळ उठते; क्षणांत शमते, पुन्हा उठते. असा रुग्ण चिकित्सालयात येतो, तेव्हा बहुधा एक-दोन दाढा काढून झालेल्या असतात. कळ मात्र कायम असते. येथे शारीराचे ज्ञानच वैद्याला वाट दाखविते.

पाचवी शीर्षण्य नाडी, म्हणजे त्रिधारा अथवा ट्रायजेमिनल नाडी, ही 12 शीर्षण्य नाड्यांत सर्वांत जाड. पॉन्समधून निघून शंखास्थीच्या टोकाजवळील गॅंग्लियनपाशी ती तीन शाखांत विभागते. पहिली शाखा कपाळ, वरची पापणी, डोळ्याचा पारदर्शक पडदा व नाकाचा शेंडा यांचे. दुसरी गाल, वरचा ओठ व वरचे दात यांचे. तिसरी खालचे दात, खालचा ओठ व हनुवटी यांचे संवेदन वाहते. चर्वणाच्या पेशींना चालना देणारे तंतू केवळ तिसरीतच असतात. जबड्याच्या कोनावरील त्वचा मात्र ग्रीवेतील नाडीकडे आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या 25व्या अध्यायात वर्णिलेला अनंतवात या व्याधीशी ताडून पाहण्याचा प्रघात आहे. नेत्र, भ्रू, शंखप्रदेशातील वेदना व हनुग्रह हे साम्य खरे. परंतु तेथे मन्येतही पीडा सांगितली आहे, आणि मान या नाडीच्या क्षेत्राबाहेर आहे. म्हणून साम्य मानावे, एकरूपता नव्हे. अर्दिताशीही गल्लत नको. चेहऱ्याचे हावभाव सातव्या नाडीचे काम.

परीक्षा सोपी आहे. कापसाने कपाळ, गाल, हनुवटी यांवर दोन्ही बाजूंस स्पर्श तपासावा. दात आवळावयास सांगून गाल व शंखप्रदेशातील पेशी चाचपाव्यात. तोंड उघडताना हनुवटी दुर्बल बाजूकडे वळते. बधिरता, चर्वणपेशींचे दौर्बल्य, दोन्ही बाजूंची वेदना किंवा तरुण वय आढळल्यास एमआरआय व तज्ज्ञाचा सल्ला अनिवार्य समजावा. कपाळावर नागीण उठून नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. कार्बामॅझेपिन घेणाऱ्या रुग्णाने नवे चूर्ण सुरू केले म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नये, हे त्यास सांगावे. अंगावर पुरळ वा तोंडात फोड आल्यास मात्र तत्काळ चिकित्सकाकडे धाडावे.

दाढ एकदा काढली की परत बसत नाही. तेव्हा चिमट्याआधी कापसाचा बोळा हाती घ्यावा.